एका रेघेनं खोडलेलं

कसबा पेठ, पुणे
दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्रीमती विजयमाला,
कर्वेनगर, पुणे.

विषय : 'ऑफिस' या प्रोग्रामच्या जुन्या सीडीबाबत.

महोदया,

आपण एकमेकांशी बोलायचं नाही असं अकरा वर्षांपूर्वी ठरलं. लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, म्हणून हे पत्र. तू माझी सख्खी धाकटी बहीण आहेस हे खरं, पण पत्र कामाचं आहे. तेव्हा नातं मध्ये आणू नये.

माझा कॉम्प्युटर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडला तो पडलाच. नवा घेतला. त्यात लिहायचा प्रोग्राम महिनाभर फुकट आहे, पुढे दर वर्षी भाडं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून पत्र लिहायला मी भाडं भरणार नाही. मला माझा दोन हजार सालचा प्रोग्रामच हवा. माझी सगळी कागदपत्रं त्यात आहेत आणि माझा हात त्यालाच सरावला आहे.

त्याची सीडी तू तुझ्या वधूवर सूचक मंडळासाठी आणली होतीस. मंडळाचे बायोडेटा मी माझ्या कॉम्प्युटरवर टाइप करून देत असे, तरी खोका मात्र तुझ्याकडे राहिला. खोक्याच्या मागे पिवळ्या चिठ्ठीवर पंचवीस अक्षरांचा नंबर आहे, त्याशिवाय प्रोग्राम बसत नाही. तरी सीडी खोक्यासकट पाठवावी. वापरून परत केली जाईल.

चि. तनुजाचं लग्न १२ डिसेंबरला आहे, नोंदणी पद्धतीनं. निमंत्रणाची दोनशे चाळीस पाकिटं करायची आहेत आणि पत्त्यांची यादी जुन्या फाइलींत आहे. हे फक्त माहितीसाठी.

कळावे,
महिपती

•

कर्वेनगर
६ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

"महोदया" वाचून मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. पुढच्याच ओळीत "तू". तुझ्या कचेरीत असं पत्र कुणी लिहिलं असतं तर तू त्याला उभ्या उभ्या फैलावर घेतलं असतंस. नातं मध्ये आणू नये म्हणतोस, सीडी मात्र बहिणीची चालते.

सीडी सापडली. मंडळ बंद केलं तेव्हा सगळी रजिस्टरं एका ट्रंकेत भरली होती, त्यांच्या तळाशी होती. ती ट्रंक मी अकरा वर्षांनी उघडली. खोका कुरियरनं पाठवते आहे.

तनुजाच्या लग्नाची माहिती तू दिलीस, आभार. मला तिनंच फोन करून सांगितलं होतं. मुलगा चंद्रपूरचा, नाव बुद्धभूषण, बंगळुरूला तिच्याच कंपनीत आहे. माझ्याशी फोनवर पंधरा मिनिटं बोलला. नम्र आहे आणि हसरा आहे. अडतिसाव्या वर्षी पोरीनं स्वतःचं स्वतः जमवलं ते फार बरं केलं. तुझ्या-माझ्या जमवाजमवीचं काय झालं ते आपण पाहिलंच.

दोनशे चाळीस पाकिटांत एक कर्वेनगरचं आहे का, असं मी विचारणार नाही. तू सांगणारही नाहीस. आणि तो जुना विषय निघायच्या आत शेवटचं सांगून ठेवते. मी बोलले नाही.

तुझी,
विजू

•

कसबा पेठ
११ नोव्हेंबर

विजयमाला हिस,

सीडी मिळाली. खोका जपून ठेवला होतास, एवढं मान्य करतो.

नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची फटच नाही! दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "काका, आता सीडी कोण वापरतं?" मी म्हटलं, मी. आमच्या पेठेत नियाजभाई म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, गेली वीस वर्षं माझं मशीन तेच बघतात. त्यांनी वायरीनं जोडायची सीडीची डबी आणली. पिवळ्या चिठ्ठीवरचा नंबर मी खणखणीत आवाजात वाचला, त्यांनी टाइप केला. गाडी अगदी शेवटापर्यंत जाते आणि अडते. दोनदा झालं. नियाजभाई म्हणाले, "साहेब, ह्या प्रोग्रामचं वय झालंय, याला घाई चालत नाही. शुक्रवारी येतो." जुन्या मशीनमधल्या फाइलीही ते शुक्रवारी काढून देणार आहेत.

आता तू न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. होय, यादीत कर्वेनगर नाही.

का नाही ते पुन्हा लिहितो, म्हणजे कागदावर राहील. २०१४ साल. तनुजा सत्तावीस वर्षांची. बाणेरचं स्थळ तू आणलंस. पसंती झाली, साखरपुड्याची तारीख धरली. तनुजाला चौदाव्या वर्षी दोनदा फिट आली होती. एकोणिसाव्या वर्षी गोळ्या बंद झाल्या, त्यानंतर काही नाही. हे चौघांनाच माहीत होतं. मी, सुशीला, तनुजा आणि तू. तनुजा म्हणाली, मुलाला भेटून मी स्वतः सांगेन. त्याआधीच मुलाच्या आईचा फोन आला. कितव्या वर्षी, किती वेळा, गोळ्या कधीपर्यंत, सगळं त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाल्या, "तुमच्याच घरातून कळलं, आणखी काय सांगू?" आणि फोन ठेवला. लग्न मोडलं. पुढे तनुजानं दहा वर्षं लग्नाचं नाव काढू दिलं नाही आणि सुशीला तो घोर घेऊनच गेली.

त्या घरी जाऊन चहा पिणारी आपल्या घरातली एकच व्यक्ती होती. मी कोर्टात नाही गेलो, चारचौघांत बोललो नाही. मला फक्त एक वाक्य हवं आहे, "दादा, मी बोलले." ते लिहून पाठव, दुसऱ्या दिवशी निमंत्रण निघेल.

महिपती

•

कसबा पेठ
१५ नोव्हेंबर

प्रोग्राम बसला. सीडी खोक्यासह परत पाठवत आहे. आभारी आहे.

उत्तराची आवश्यकता नाही.

महिपती

•

कर्वेनगर
१९ नोव्हेंबर

ती. दादा,

तुझ्या अकरा तारखेच्या पत्राला चांगलं झणझणीत उत्तर लिहायला घेतलं होतं. दोन पानं झालीही होती. तेवढ्यात काल सीडी आली आणि तुझी ती चिठ्ठी. उत्तराची आवश्यकता नाही. मी ती चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, पलीकडे काही आहे का म्हणून. काही नव्हतं. मग कळलं, तू दार लावून घेतलंस. माझी दोन पानं मी फाडून टाकली.

दादा, मी बोलले असेन.

त्या बाईंकडे मी तीनदा गेले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "मुलीची तब्येत कशी असते हो?" मी म्हटलं, "उत्तम." इथपर्यंत मला स्वच्छ आठवतं. पुढे काय म्हणाले? अकरा वर्षं तो चहा मी रोज पुन्हा पिते आहे. कधी वाटतं, "लहानपणी थोडं होतं" असं मी म्हटलं आणि जीभ चावली. कधी वाटतं, छे, मी उठलेच होते. पहिली काही वर्षं मी छातीठोक नाही म्हणत असे. आता तर माझ्याच आवाजातलं ते वाक्य मला ऐकूसुद्धा येतं. मग ते मी म्हटलं असणारच, नाही तर ऐकू कसं येईल?

मंडळ मी तुझ्या रागामुळे बंद केलं असं सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. मला माझ्याच जिभेची भीती वाटायला लागली. लोक विश्वासानं मुलींच्या गोष्टी सांगायचे आणि मला घाम फुटायचा. आता मी भाजीवाल्याशीसुद्धा मोजकं बोलते.

तनुजाला साक्षीदार म्हणून सहीला मी हवी आहे. मी तिला सांगितलं, बाबांनी बोलावलं तर येईन.

तेव्हा तुला हवं ते लिहून देते. दादा, मी बोलले. माझं चुकलं. तुझ्या लेकीचं आणि वहिनीचं मी वाटोळं केलं. मला सहीपुरतं उभं राहू दे, जेवायला थांबणार नाही.

तुझी,
विजू

•

कसबा पेठ
२४ नोव्हेंबर

विजू,

तू बोलली नव्हतीस.

एवढी एक ओळ लिहायला मला चार दिवस लागले. आता नीट सांगतो, मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही.

शुक्रवारी, चौदा तारखेला, नियाजभाई आले. जुन्या मशीनमधल्या फाइली त्यांनी नव्यात उतरवल्या. सीडी अजून बसायची होती, म्हणून फाइली धड आल्यात का हे बघायला त्यांनी त्या महिनाभर फुकटवाल्या नव्या प्रोग्रामातच एक उघडली. पहिलीच सापडली ती "बायोडेटा मुली". तनुजाचा बायोडेटा होता, बाणेरला पाठवलेला. डाव्या कडेला तांबड्या उभ्या रेघा दिसत होत्या. मी म्हटलं, हे काय? त्यांनी रेघेवर बोट टेकवल्यासारखं केलं आणि सगळं पान तांबडं झालं. खोडलेल्या ओळी. प्रत्येक ओळीवर मधून एक रेघ, खालचं अक्षर न अक्षर वाचता येत होतं, आणि बाजूला माझं नाव, तारीख, वेळ. वर "प्रकृती : उत्तम". त्याच्या शेजारी खोडलेलं, "वयाच्या चौदाव्या वर्षी दोन वेळा फिट. एकोणिसाव्या वर्षापर्यंत गोळ्या. त्यानंतर त्रास नाही."

ती ओळ मीच लिहिली होती. लपवाछपवी नको म्हणून. मग तनुजा म्हणाली, बाबा काढा, मी सांगेन, म्हणून मीच काढली. नियाजभाईंनी वाचलं असावं. ते म्हणाले, "साहेब, मी जरा चहा घेऊन येतो," आणि उठून गेले.

तुला आठवत असेल, नोकरीत मी कुणाला खाडाखोड करू देत नसे. चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला सही करायची, पण खालचा मजकूर वाचता आला पाहिजे. कोणी काय बदललं ते कळलं पाहिजे. कचेरीतल्या कॉम्प्युटरच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की प्रोग्रामात अशी सोय आहे, बदल आपोआप नोंदले जातात. मला इतका आनंद झाला! त्याच दिवशी घरी येऊन मी ती सोय चालू केली. बदल नोंदायचे, पण पडद्यावर आणि छापील कागदावर दाखवायचे नाहीत, अशी खूणही केली. त्यामुळे माझ्या मशीनवर कागद कायम स्वच्छ दिसला. ज्यांच्याकडे नवा प्रोग्राम होता, त्यांना सगळं दिसत होतं. आणि मंडळाच्या बाकी मेलींसारखी ती मेलही बाणेरला मी स्वतः पाठवली होती, तुला न विचारता, कारण तुला ईमेल जमत नाही असं मीच ठरवलं होतं.

"तुमच्याच घरातून कळलं." त्या बाई खरं तेच सांगत होत्या. बोललो तो मी. तेही लेखी.

नियाजभाई चहा घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, जुना प्रोग्राम बसवा. चौथ्या खेपेला बसला. त्यात तीच फाइल उघडली. पान पांढरंशुभ्र. मी दोन्ही प्रोग्रामांतून ते पान कितीदा पाहिलं ते सांगता येणार नाही.

अजून आहे. तो बायोडेटा मी नव्या कागदावर कधीच केला नाही. आधीच्या मुलीचा घ्यायचा, तिचं खोडायचं, नवीचं भरायचं, ही माझी पद्धत. तनुजाच्या पानाखाली एक्केचाळीस मुली आहेत. त्यांचं जे जे तू मला सांगितलंस आणि नंतर "हे काढ रे" म्हणालीस, ते सगळं तिथे आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. पंधरा तारखेची चिठ्ठी मी हे कळल्यावर लिहिली होती. तुला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं, म्हणून उत्तर नको म्हटलं. मग तू "माझं चुकलं" असं लिहिलंस. लिहायला लाज वाटते, पण वाचताना मला सुटल्यासारखं झालं. मी पाकीट घेतलं, निमंत्रण आत घातलं, तुझा पत्तासुद्धा लिहिला. कुणाला काही कळलं नसतं. तुला माफ करून मी मोठा झालो असतो. पाकीट चिकटवताना तुझी ती ओळ पुन्हा डोळ्यांपुढे आली, की वाक्य आता ऐकूसुद्धा येतं. तू कधी न बोललेलं वाक्य मी तुझ्या कानात घातलं, विजू. मी दारूच्या थेंबाला शिवलो नाही, कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही, आणि हे केलं.

ती फाइल मी छापून सोबत जोडली आहे. फक्त तनुजाचं पान. बाकीच्यांची छापायचा मला अधिकार नाही.

महिपती

•

कर्वेनगर
२७ नोव्हेंबर

दादा,

पत्र दाराशीच उघडलं. वाचून तिथेच खाली बसले. समोरच्या रझियानं पाहिलं आणि पाणी आणलं. तिनं विचारलं, "विजूताई, कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही. ती बराच वेळ माझा हात धरून बसली.

आधी वाटलं, सुटले. ते तासभर टिकलं. त्यानंतर जे वाटलं ते लिहिणं माझ्या वयाला शोभणार नाही.

माझ्या हातून घडलंच नव्हतं ते मी तुला कबूल केलं. शपथेवर केलं असतं. उद्या कुणी म्हटलं असतं, खून तूच केलास, तर मला तोही आठवला असता! माझं डोकं माझं राहिलं नाही, दादा. हे तू काय केलंस?

आणि त्या एक्केचाळिसांतली नम्रता? तिचे वडील पितात हे तिच्या आईनं रडत मला सांगितलं. मी तुला सांगितलं, तू टाइप केलंस, मग मी काढायला लावलं. बायोडेटा गेला की स्थळ गप्प. तीन वेळा. मी त्या माउलीला म्हणाले, योग नाही अहो, गुरुवार करा. तिनं वर्षभर गुरुवार केले. बद्रीनाथ परांड्यांची मुलगी, जिचा आधी एक साखरपुडा मोडला होता, तिचंही तेच. लोक म्हणायचे, विजयमालाबाईंच्या हाताला यश नाही. मला ते पटायचं. मी एका ज्योतिषाला हातसुद्धा दाखवला.

तू इतका हुशार माणूस. अकरा वर्षांत एकदा, एकदाच, स्वतःवर संशय घ्यायला हवा होतास. मी तर माझ्यावर रोज घेत होते.

तनुजाला सांगितलंस का? नसशील. आधी तिला सांग. आणि माझी माफी मागू नकोस, मला ती आत्ता नको आहे.

विजयमाला

•

कर्वेनगर, तुझ्या इमारतीचा जिना
३० नोव्हेंबर

विजू,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसून लिहितो आहे, दाराखालून सरकवीन.

तनुजाला काल फोनवर सांगितलं. सगळं, तुला लिहिलं तसंच. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, आत्या दर वाढदिवसाला मला फोन करते ना, शुभेच्छा देऊन झाल्या की दरवेळी विचारते, 'मी कुठे बोलले का गं? तुझ्या कानावर काही आलं का?' मी म्हणायचे, जाऊ दे आत्या. एकदाही 'नाही गं, तू नाही बोललीस' असं म्हटलं नाही. कारण मलाही तीच वाटायची." आणि ती रडायला लागली. लग्न मोडलं तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी फोन कानाला धरून उभा राहिलो.

माझ्यावर ती रागावली नाही, निदान काल तरी. तिनं एवढंच विचारलं, "आत्याला सांगितलंत?" मी म्हटलं, पत्र लिहिलं. ती ओरडली, "पत्र? बाबा, कर्वेनगर काय विलायतेत आहे?"

म्हणून आलो. मंडईपासून रिक्षा केली. तुझी बेल अर्धा तास बघतो आहे, दाबवत नाही. एक्केचाळीस मुलींची नावं एका कागदावर उतरवून आणली आहेत. त्यांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. तुझ्याशिवाय ते कुणालाच ठरवता येणार नाही.

निमंत्रण खिशात आहे, पण ते मी देणं बरोबर नाही. तनुजानं तुला बोलावलंच आहे. मी बोलवणारा कोण? उलट मी लग्नाला यावं की नाही, हे तू ठरव. मला समोर बघून तुला त्रास होणार असेल, तर मी त्या दिवशी घरी थांबेन. हे मी मनापासून लिहितो आहे, टोमणा नाही.

दार उघडायची सक्ती नाही. थोडा वेळ बसतो आणि जातो.

महिपती

•

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं)

जिन्यात बसू नकोस, वरचे लोक वाकून बघतायत.

लग्नाला तू येणार आहेस. बापाशिवाय मी पोरीला सहीला उभी राहू देणार नाही, तो विषय संपला.

कडी काढली आहे. आत ये. आज मी बोलणार आहे आणि तू फक्त ऐकणार आहेस, मध्ये एक शब्द नाही. अकरा वर्षांचं आहे, लवकर आटपायचं नाही. कोपऱ्यावरून आधी काहीतरी खायला घेऊन ये, माझ्याकडे एकटीपुरताच भात आहे.